सुटलेले पोट आणि आतली चरबी

पुरुषाच्या वाढलेल्या पोटाला मराठीत ढेरी म्हणतात, दोंद म्हणतात, नाहीतर नुसते ‘पोट सुटले’ म्हणतात. या पोटात चरबी दोन ठिकाणी असते. पहिली त्वचेच्या लगेच खाली. बसल्यावर तिच्या वळ्या पडतात आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत ती धरता येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या मागे, उदरपोकळीत असते. जठरापासून आतड्यांवर पदरासारखा लोंबणारा ओमेंटम नावाचा पडदा, आतड्यांना धरून ठेवणारा पापुद्रा आणि मूत्रपिंडांभोवतीची जागा ही तिची ठिकाणे. ती चिमटीत येत नाही. पोट पुढे आलेले आहे, हाताला घट्ट लागते आहे आणि चिमटीत मात्र फारसे काही सापडत नाही, अशा माणसाच्या पोटाचा फुगवटा बहुधा या आतल्या चरबीचा असतो. आरोग्याला मोठा धोका आहे तो तिचाच.

थोडी आतली चरबी प्रत्येकाच्या पोटात असते आणि ती उपयोगीही असते. ती अवयवांना आधार देते. पोटात कुठे जंतुसंसर्ग झाला तर ओमेंटम तिथे जाऊन चिकटतो आणि संसर्ग पसरू देत नाही, म्हणून शल्यविशारद त्याला ‘पोटातला पोलीस’ म्हणतात. हीच चरबी गरजेपेक्षा जास्त साठली की त्रास सुरू होतो.

आपल्याकडे पुरुषाची ढेरी फार काळ सुबत्तेची खूण समजली गेली. लग्नानंतर वर्षभरात पोट दिसू लागले की ‘लग्न मानवले’ असे कौतुकाने म्हणतात. जुने वैद्यक मात्र याकडे कौतुकाने पाहत नव्हते. चरकसंहितेत शरीराच्या आठ निंदित प्रकारांमध्ये अतिस्थूल माणसाचा समावेश आहे. त्याच्या लटकणाऱ्या पोटाचा तिथे उल्लेख आहे आणि त्याला होणाऱ्या आठ त्रासांत आयुष्य घटणे हाही एक आहे.

पुरुषांच्या पोटातच का?

शरीर चरबी कुठे साठवणार हे बऱ्याच अंशी संप्रेरकांवर ठरते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे चरबी प्रामुख्याने नितंब आणि मांड्यांवर, त्वचेखाली जाते. ही साठवण तुलनेने निरुपद्रवी असते. पाळी थांबल्यावर हे संरक्षण ओसरते आणि स्त्रियांच्याही पोटावर चरबी चढू लागते. पुरुषांना असे संरक्षण मुळातच नसते. त्यांची जास्तीची चरबी तरुणपणापासून पोटाकडे वळते.

वयाबरोबर त्यात आणखी कारणे मिळत जातात. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, त्यामुळे शरीराचा रोजचा ऊर्जाखर्च घटतो. खाणे मात्र पंचविशीतलेच राहते. कॉलेजात खेळणारा मुलगा नोकरीला लागतो, दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत आणि दोन तास गाडीत बसू लागतो, आणि पस्तिशीपर्यंत कमरेच्या पट्ट्याची दोन भोके मागे सरकलेली असतात. अपुरी झोप आणि सततचा ताण यांचाही वाटा आहे. ताणाच्या काळात वाढणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक चरबीला पोटाची वाट दाखवते. तंबाखूबद्दल तर मोठा गैरसमज आहे. सिगारेट ओढणाऱ्याचे वजन कमी असू शकते, पण त्या वजनाच्या मानाने त्याच्या पोटात चरबी जास्त आढळते.

धोका कसा लक्षात आला

फ्रान्समधील मार्सेय शहराचे डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ साली एक साधे निरीक्षण मांडले. लठ्ठपणा एकसारखा नसतो. शरीराच्या वरच्या भागात, पुरुषी पद्धतीने साठणारी चरबी मधुमेह आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांशी जास्त जोडलेली दिसते आणि खालच्या भागातली कमी. त्या काळात या निरीक्षणाकडे फारसे लक्ष गेले नाही.

पुढे स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे १९१३ साली जन्मलेल्या पुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. त्यांतील ५४ वर्षांच्या ७९२ पुरुषांची मापे घेऊन पुढची १३ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले आणि १९८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नितंबांच्या मानाने कंबर ज्यांची जास्त रुंद, त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त प्रमाणात झाले होते. उंची आणि वजन यांच्या नुसत्या गणितातून हा फरक दिसत नव्हता.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाने तेच चित्र जगभरासाठी स्पष्ट केले. डॉ. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखालील या कामात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्यामागची नऊ प्रमुख कारणे निश्चित झाली आणि पोटाची चरबी त्यांपैकी एक होती. याच अभ्यासाच्या माहितीवरून दक्षिण आशियातील लोकांबद्दल एक चिंताजनक गोष्ट पुढे आली. इतर देशांत पहिला झटका येण्याचे सरासरी वय ५८.८ वर्षे होते, तर दक्षिण आशियात ते ५३ वर्षे होते.

कणगी भरली की धान्य घरभर

त्वचेखालची चरबी हे शरीराचे धान्याचे कोठार आहे. सुगीत धान्य कणगीत जाते आणि अडीअडचणीला बाहेर निघते. कणगी भरली आणि धान्य येतच राहिले, तर पोती माजघरात, ओसरीवर, मिळेल तिथे रचावी लागतात. शरीरातही तसेच होते. त्वचेखालच्या पेशींची साठवण संपली की जादा चरबी उदरपोकळीत, यकृतात, स्वादुपिंडात आणि स्नायूंच्या तंतूंमध्ये जाऊ लागते. हे अवयव साठवणीसाठी घडलेले नाहीत, त्यामुळे त्यांचे नेहमीचे काम बिघडते. ही कणगी कोणाची मोठी असते, कोणाची लहान. म्हणून सारखेच वजन असलेल्या दोन माणसांपैकी एकाला मधुमेह होतो आणि दुसऱ्याला होत नाही.

आतली चरबी स्वस्थ बसून राहत नाही. तिच्या पेशी स्निग्धाम्ले सहज सोडतात आणि तिचे रक्त आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरते. म्हणजे तिथून सुटलेला माल सरळ यकृताच्या दारात पोहोचतो. शिवाय ही चरबी दाह वाढवणारी रसायने रक्तात सोडते. इन्शुलिनचे काम सोपे करणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक मात्र चरबी वाढते तसे कमी होत जाते. चरबी म्हणजे निव्वळ साठा, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. आता चरबीकडे संप्रेरके तयार करणारा अवयव म्हणून पाहिले जाते.

जपानच्या सुमो पैलवानांमध्ये हा फरक ठळकपणे दिसतो. त्यांचे पोट अवाढव्य असते, पण कसून मेहनत चालू असेपर्यंत त्यांची बरीच चरबी त्वचेखाली राहते, आणि रक्तातील साखर व कोलेस्टेरॉल सहसा ताब्यात असतात. निवृत्तीनंतर मेहनत थांबली आणि आहार तसाच राहिला की आतली चरबी वाढते आणि तिच्यामागून आजार येतात.

कोणकोणते आजार

पहिला मधुमेह. यकृत आणि स्नायू चरबीने भरले की ते इन्शुलिनला दाद देईनासे होतात. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन ओतून काही वर्षे साखर काबूत ठेवते. या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. स्वादुपिंड थकले की साखर चढते. मानेच्या मागे किंवा काखेत त्वचा काळसर, जाडसर, मखमलीसारखी होणे ही या छुप्या अवस्थेची खूण असू शकते. मळ समजून ती घासत बसण्यापेक्षा साखर तपासून घेणे शहाणपणाचे.

दुसरा हृदयविकार आणि त्याच्या जोडीचा उच्च रक्तदाब. पोटाची चरबी वाढलेल्या पुरुषाच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल घटते आणि रक्तदाब चढतो. यांतील कोणताही आकडा एकटा फार भीतीदायक नसेल, पण सगळे एकत्र आले की रक्तवाहिन्यांचे नुकसान वेगाने होते. या एकत्र येण्याला चयापचय विकारसमूह म्हणजे मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भारतीय पुरुषासाठी त्याच्या पाच कसोट्या आहेत: कंबर ९० सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल ४० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा जास्त. यांपैकी कोणत्याही तीन लागू पडल्या की हे निदान होते.

तिसरा यकृताचा. दारूला कधी स्पर्शही न केलेल्या पुरुषाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येते तेव्हा घरचे चकित होतात. त्याचे मूळ बहुधा पोटाच्या चरबीत असते. बहुतेकांची गाडी तिथेच थांबते, पण काहींच्या यकृताला सूज येते, मग व्रण पडतात आणि शेवटी यकृत निबर होऊन सिरोसिस होतो.

चौथा झोपेचा. पोटाबरोबर मानेत आणि घशाभोवतीही चरबी साठते. झोपेत घसा आवळतो, घोरणे वाढते, मध्येच श्वास थांबतो आणि माणूस गुदमरून दचकतो. रात्रीतून असे अनेकदा झाले तरी सकाळी त्याला काही आठवत नाही. ते शेजारी झोपणाऱ्या पत्नीच्या लक्षात येते. दिवसा पेंग येते, गाडी चालवताना डुलकी लागते, रक्तदाब औषधांनाही जुमानत नाही.

पाचवा त्रास पुरुष सहसा बोलून दाखवत नाहीत. चरबीच्या पेशींतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते. वजन वाढते तसे रक्तातील टेस्टोस्टेरॉनही कमी होत जाते. त्यातून उत्साह घटतो, स्नायू कमी होतात, कामेच्छा मंदावते आणि पोट आणखी वाढते. लिंगाला ताठरता न येणे हा तर रक्तवाहिन्यांचा इशारा असू शकतो. तिथल्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असल्याने बिघाड तिथे आधी दिसतो, कधीकधी छातीत दुखण्याच्या काही वर्षे आधी. अशा वेळी जाहिरातीतल्या गोळ्या घेण्याऐवजी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी.

कर्करोगाचाही संबंध आहे. जादा चरबीचे १३ प्रकारच्या कर्करोगांशी नाते असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली नोंदवले. मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड आणि अन्ननलिका यांचे काही कर्करोग त्यात येतात. याखेरीज पोटाच्या नुसत्या भारानेही त्रास होतात. जठरातले आम्ल वर येते, कंबर दुखते, गुडघे झिजतात, हर्नियाची शक्यता वाढते. चयापचय बिघडल्याने संधिवाताचा गाऊट हा प्रकारही अशा पुरुषांत जास्त दिसतो.

सडपातळ भारतीयांची चरबी

या सगळ्यात भारतीय पुरुषाची स्थिती विशेष नाजूक आहे, आणि ते दाखवून देणारे महत्त्वाचे काम पुण्यात झाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्याच शरीरांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही अगदी सारखा, २२.३ होता. चरबी मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. वजनकाट्यावर जुळी वाटणारी दोन शरीरे आतून इतकी वेगळी होती.

याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असे पुण्याजवळच्या खेड्यांमधील अभ्यासातून दिसले. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदम्पटनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू कमी आणि चरबी जास्त असलेली ही ठेवण पुढे मुबलक खाणे आणि बैठे काम वाट्याला आले की पोटावर उमटते. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, हा आपल्याकडचा ओळखीचा बांधा त्यातूनच घडतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार ३९.५ टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा आहे. मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

टेप कुठे लावायचा

आतली चरबी अचूक मोजायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. रोजच्या व्यवहारात शिंप्याचा टेप पुरतो, मात्र तो योग्य जागी लावायला हवा. पँटचा नंबर हे कमरेचे माप नव्हे. पोट वाढते तसा पट्टा ढेरीच्या खाली, ओटीपोटावर सरकतो. करगोट्याचेही तेच होते. त्यामुळे वीस वर्षे ३४ नंबरचीच पँट वापरणाऱ्या पुरुषाचे पोट प्रत्यक्षात ४० इंच असू शकते.

माप घेताना शर्ट वर करून दोन्ही पाय थोडे फाकवून ताठ उभे राहावे. बरगडीचे शेवटचे हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बाजूने चाचपडून शोधावा आणि दोघांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळावा. टेप सगळीकडून जमिनीला समांतर असावा, त्वचेत रुतू नये. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचावा. पोट आत ओढून घेतलेले माप स्वतःचीच फसवणूक करते.

भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच मानली जाते. अमेरिकेत पुरुषांसाठी १०२ सेंटिमीटर ही मर्यादा वापरात आहे. आपली रेषा एवढी खाली आहे, कारण आपल्याकडे कमी घेरातही आजार दिसतात. लक्षात ठेवायला याहून सोपी कसोटी अशी, की कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी. पाच फूट सहा इंच उंचीच्या पुरुषाची कंबर ३३ इंचांच्या आत हवी. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वर्षांच्या नागरिकांच्या वार्षिक तपासणीत कमरेचे माप समाविष्ट केले आणि पुरुषांसाठी ८५ सेंटिमीटरची मर्यादा ठरवली.

पोटाचा प्रत्येक फुगवटा मात्र चरबीचा नसतो. थोड्या आठवड्यांत पोट झपाट्याने वाढले, पाय सुजले, हातपाय बारीक झाले किंवा डोळे पिवळे दिसू लागले, तर जलोदराची शक्यता असते. अशा वेळी आहार-व्यायामात वेळ न घालवता ताबडतोब डॉक्टर गाठावा.

चरबी कशी उतरते

प्रथम कशाने उतरत नाही ते पाहू. पोटाचे व्यायाम स्नायू बळकट करतात, पण फक्त पोटाची चरबी जाळत नाहीत. घाम आणणारे पट्टे पाणी घालवतात, ते पाणी प्यायल्यावर परत येते. शस्त्रक्रियेने ओढून काढलेली चरबी त्वचेखालची असते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटातून सुमारे १० किलो चरबी काढली गेली. पुढच्या तपासणीत त्यांचा रक्तदाब, साखर आणि इन्शुलिनचे काम यांत काहीही सुधारणा दिसली नाही.

आशेची बाब अशी, की आतली चरबी जशी चटकन कामाला लागते तशी चटकन खर्चही होते. वजन उतरू लागले की सुरुवातीला तीच मोठ्या प्रमाणात जाते. शरीराचे पाच ते दहा टक्के वजन कमी झाले तरी साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब यांत ठळक फरक पडतो. ८० किलोच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या प्रयोगात वजन उतरवण्यासाठी काटेकोर आहार दिलेल्या गटातील ४६ टक्के लोकांचा मधुमेह वर्षभरानंतर औषधांशिवाय आटोक्यात होता. त्यांचा मधुमेह सहा वर्षांहून जुना नव्हता, म्हणून लवकर सुरुवात करण्याला महत्त्व आहे.

आहाराचा हिशेब घरच्या ताटापासून सुरू होतो. आपल्या जेवणात पोळी, भात, पोहे, साबुदाणा यांचा वाटा मोठा आणि डाळ-उसळीचा लहान असतो. हे प्रमाण बदलले तरी बरेच साधते: एक पोळी कमी, उसळीची एक वाटी जास्त, आधी कोशिंबीर आणि भाजी, मग भात. ताक, अंडी, मासे, डाळी यांतून प्रथिने मिळाली तर भूक लांबते आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. साखर नकळत पोटात जाते. दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली तर चहातूनच सुमारे ४० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम.

दारूचा हिशेब तर पुरुष लावतच नाहीत. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. सोबत मूठभर तळलेले शेंगदाणे आले की त्या दुपटीहून जास्त होतात. शरीर अल्कोहोल आधी जाळते, तोपर्यंत चरबी जाळण्याचे काम मागे पडते.

व्यायामाचा मोठा गुण असा, की वजनकाटा हलला नाही तरी आतली चरबी कमी होते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने, ही पायरी जवळजवळ प्रत्येकाला जमण्यासारखी आहे. त्यात आठवड्यातून दोन दिवस जोर, बैठका किंवा वजने उचलण्याचा व्यायाम जोडला तर स्नायू वाढतात आणि रक्तातली साखर खपवायला जागा तयार होते. चाळिशीनंतर प्रथमच सुरुवात करणाऱ्याने, विशेषतः छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर, आधी डॉक्टरांना विचारावे. सात तासांची झोपही या उपचाराचाच भाग आहे, कारण झोप कमी पडली की भूक वाढवणारी संप्रेरके बळावतात. वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया काही रुग्णांना फार उपयोगी पडतात, पण तो निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांनीच घ्यायचा.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक पुरुषाने वर्षातून एकदा कमरेचे माप, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी तपासावी. घरात कोणाला मधुमेह किंवा लवकर हृदयविकार झालेला असेल, तर त्याआधीही. प्रयत्न सुरू केल्यावर महिन्यातून एकदा त्याच वेळी, त्याच जागी टेप लावून आकडा लिहून ठेवावा. वजन तसेच राहिले आणि कंबर दोन सेंटिमीटरने कमी झाली, तर मेहनत वाया गेलेली नसते. आतली चरबी उतरू लागलेली असते.